‘आमच्या गावची रीत’ तपासायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या घराला गावकीने वाळीत टाकल्याची बातमी आली की मागोमाग दोन तऱ्हेची पत्रे येतात. एक तऱ्हा शहरातली: कोकणातला माणूस अजून जुन्यातच रुतलेला. दुसरी गावातली: प्रत्येक समाजाची नीती वेगळी, आमच्या गावची रीत आम्हाला ठाऊक, बाहेरच्यांनी न्याय करायला येऊ नये. पहिलीत नुसती तुच्छता असते. तिच्यावर शाई खर्च करावी असे वाटत नाही. दुसरीला मात्र उत्तर द्यायलाच हवे. तिच्यात एक खरी गोष्ट आहे आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आडून एक चुकीचा निष्कर्ष घरात शिरतो.

खरी गोष्ट आधी. रीतिभाती वेगळ्या असतात हे कोकणातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गौरीपूजनाच्या दिवशी एका घरात गौरीला पुरणपोळी, तर शेजारच्या घरात तिखटाचा, म्हणजे मटणाचा नैवेद्य. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, कुटुंबांचा धंदा पूर्वी तेल गाळण्याचा. शनिवारी ती घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत असे. खवले नसलेला मासा त्यांना वर्ज्य. म्हणजे कोळंबी, कालवे, तिसऱ्या, खेकडे सगळेच बाद. किनाऱ्यावर राहून कोळंबी न खाणारा शेजारी आणि कोळंबीवर जगणारा शेजारी एकाच बाजारात पिढ्यानपिढ्या वावरले.

लग्नाचेही तसेच. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करणे हा हक्क समजला जातो. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी ते बहिणीशी लग्न लावण्यासारखे वाटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ आणि बहीण यांच्या मुलांचे नाते निषिद्ध नात्यांत घातले, पण दोघांच्याही समाजात तशी रूढी असेल तर लग्न वैध, अशी मोकळीकही ठेवली. कायद्यात रूढी कशाला म्हणायचे तेही लिहिले आहे: ती दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळलेली हवी, निश्चित हवी, आणि अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसावी. म्हणजे वेगळेपण मान्य, पण चाळणीतून काढून. या चाळणीकडे पुन्हा येऊ.

आता वरवर दिसणारा फरक आणि आतला फरक. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली एक हकिगत नीतिशास्त्र शिकवणारे आजही सांगतात. इराणचा सम्राट दारयवहू याने दरबारातल्या ग्रीकांना विचारले, किती पैसे दिले तर तुम्ही वडिलांचे प्रेत खाल? ग्रीक म्हणाले, कितीही दिलेत तरी नाही. मग त्याने कॅलाटिया नावाच्या हिंदी लोकांना विचारले, किती घेऊन तुम्ही वडिलांना जाळाल? ते ओरडले, असे अभद्र बोलू नका. त्यांच्यात वडिलांचे प्रेत खाण्याची चाल होती, असे हेरोडोटस सांगतो. यावरून तो म्हणतो, रूढी सगळ्यांवर राज्य करते. पण हकिगत नीट वाचली तर दोघांचे मूल्य एकच दिसते: मेलेल्या बापाचा मान राखायचा. तो कशाने राखला जातो, याबद्दलची समजूत तेवढी वेगळी. आपल्या एकेका गावात स्मशान, कबरस्तान आणि लिंगायतांची दफनभूमी असते, तिथेही हेच.

म्हणून कुठल्याही रीतीबद्दल वाद झाला की पहिले काम हे: तिच्यातली समजूत आणि तिच्यातले मूल्य वेगवेगळे करून मांडायचे. दर्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत होडी घालायची नाही, ही कोळ्यांची जुनी रीत. दर्या खवळलेला असतो, त्याचा कोप होईल, ही समजूत. माणसे आणि मासळी दोन्ही वाचावीत, हे मूल्य. कोपाची गोष्ट कुणी मानो न मानो, मूल्य टिकते आणि त्याला आधारही सापडतो, कारण पावसाळा बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. सरकारची १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांवरची ६१ दिवसांची बंदी त्याच दिशेची आहे. उलट विधवेच्या बाबतीत पाहा. नवरा गेला की कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची. गेलेल्याचे दुःख मानणे हे मूल्य. पण बायको मागे राहिली म्हणजे ती अशुभ, ही समजूत. ती समजूत काढून घेतली तर दुःख काही कमी होत नाही, रीत मात्र उभी राहायला जागा उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो बाहेरून कुणी लादला नव्हता.

आता चुकीचा निष्कर्ष. ‘रीती वेगळ्या असतात’ हे निरीक्षण आहे. ‘म्हणून प्रत्येक ठिकाणची रीत तिथे बरोबरच असते’ हा दावा आहे. ‘म्हणून कुणी कुणाला नावे ठेवू नयेत’ हा उपदेश आहे. या तीन पायऱ्या एकीतून दुसरी निघत नाहीत, आणि तिसरी तर दुसरीच्या विरोधात जाते. कारण ‘कुणीही नावे ठेवू नयेत’ हा नियम सगळ्या समाजांना लागू आहे असे म्हटले, की निदान एक नियम तरी सगळ्यांवर बंधनकारक असतो हे कबूल केले. आणि तो सगळ्यांना लागू नाही म्हटले, तर ज्या समाजाची रीतच दुसऱ्यावर आपले लादण्याची आहे, त्याला काय सांगणार? गोव्यातल्या पोर्तुगीज इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाला, आपण कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? मधली काही वर्षे सोडता १५६० ते १८१२ पर्यंत ते चालले, आणि १७३६ च्या फर्मानाने तर बाटलेल्यांच्या दारातली तुळससुद्धा गुन्हा ठरवली. पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती त्यांची रीतच होती. ‘ज्याची त्याची रीत’ म्हणणाऱ्याला इथे गप्प बसावे लागेल. कोकणातला कुणी बसणार नाही, आणि बसूही नये.

दुसरी अडचण सुधारकांची. समाज मानतो तेच बरोबर, असे धरले तर समाजाविरुद्ध उभा राहणारा प्रत्येक माणूस व्याख्येनेच चूक ठरतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले आणि दापोलीजवळच्या त्यांच्या मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. मागे राहिलेल्या घरच्यांनाही त्याची झळ लागली. त्या दिवशीच्या मुरुडच्या नीतीने मुरुडचा निर्णय योग्यच होता. आज तेच मुरुड कर्व्यांचे गाव म्हणून अभिमानाने सांगते. मधल्या काळात मुरुडकर फक्त बदलले, की सुधारले? सुधारले म्हणायचे असेल, तर १८९३ ची रीत आणि आजची रीत दोन्ही ज्याने मोजता येतील असे माप हवे, आणि ते माप कोणत्याही एका काळातल्या रीतीच्या बाहेरचे असणार.

तिसरी अडचण आम्हाला सर्वांत मोठी वाटते: ‘आमची’ म्हणजे कुणाची? तळकोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालताना एक जण बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवापुढे ते शोभते. पण गावकीच्या बैठकीतही तोच सूर लागतो. मानकरी बोलतात, पुरुष माना डोलावतात, बायका पडवीच्या आत असतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘गावाने ठरवले’ असे सांगितले जाते. कौलाचेही तेच. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या जातात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण ‘अमक्याला गावात घ्यायचे का?’ असे विचारायचे, की ‘अमक्याचे काय चुकले?’ असे विचारायचे, हे देव ठरवत नाही.

महाडचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्याचे पाणी प्यायली, तेव्हा गाव खवळले आणि नंतर प्रकरण कोर्टात गेले. सवर्णांचा दावा होता की अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचे नाही, ही पूर्वापार रूढी आहे. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले, आणि कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे: अनादी काळापासून चालत आलेली अशी रूढी दाव्यात सिद्धच झाली नाही. त्या परिसरात पिढ्यानपिढ्या राहणारे महार हे महाडचेच नव्हते का? पण ‘महाडची रीत’ सांगताना त्यांना कुणी विचारले नव्हते.

मग एखादी रीत तपासायची कशी? बैठकीत बसणाऱ्यांनी हे करून पाहावे. आधी ती रीत एका वाक्यात कागदावर लिहायची: कुणी काय करायचे, कुणी काय करायचे नाही, आणि न केल्यास काय होते. तोंडी असते तोवर ‘पूर्वीपासून चालत आलंय’ एवढ्यावर भागते. लिहायला बसले की पुष्कळदा कळते की दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी भांडणात ती ठरली. दुसरे, रीतीचा भार कुणावर पडतो त्या माणसाला विचारायचे, आणि वेगळे विचारायचे. मानकऱ्यांसमोर, सासऱ्यांसमोर, भावकीसमोर मिळालेला होकार मोजायचा नाही. नेमके इथेच बहुतेक ठिकाणी चुकते. विधवेला ‘तुझी काही हरकत नाही ना?’ असे बाराव्याच्या गर्दीत विचारले जाते. तिसरे, नकाराची किंमत मोजायची. जो ही रीत पाळणार नाही त्याचे पाणी, दुकान, गिरणी, बोट, देऊळ आणि स्मशान यांतले काय काय बंद होते? काहीच बंद होत नसेल तर ती रीत कितीही विचित्र वाटो, तिला हात लावायचे कारण नाही. आचरे-चिंदरकडची गावपळण घ्या. देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या टाकून राहतो. बाहेरच्याला अंधश्रद्धा वाटेल. आमच्या मते विचारायचे ते एवढेच: आजारी म्हातारा, बाळंतीण, किंवा मनच नसलेला माणूस घरी राहिला तर त्याचे पुढे काय होते? या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर येत असेल, तर गावपळण तिथल्या माणसांचा आनंद आहे आणि त्यांचाच राहू द्यावा.

वाळीत टाकणे या तिसऱ्या प्रश्नात टिकत नाही, कारण नकाराची किंमत वाढवणे हेच त्याचे काम. ते कसे चालते, हे शहरातल्या वाचकाला माहीत नसते. मारहाण नसते, आरडाओरडाही नसतो. तोंडी हुकूम निघतो आणि त्या घराशी बोलेल त्याला दंड ठरतो. भीती सगळी या दुसऱ्या वाक्यात असते. किराणा दुकानदार ‘माल नाही’ म्हणतो. लावणीला पैऱ्याने, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, कुणी येत नाही. शिमग्यात पालखी वाडीत येते, खालू बाजा वाजत असतो, शेजारच्या अंगणात पालखी नाचते. या घरचे माणूस नारळ आणि ओटीचे ताट घेऊन उंबऱ्यात उभे असते, आणि पालखी त्यांच्या पायरीशी न वळता पुढे जाते. घरात कुणी दगावले तर तिरडीला चार खांदे मिळत नाहीत, दुसऱ्या गावातून पाहुणे येईपर्यंत प्रेत थांबते. ज्यांना बापाच्या प्रेताचा मान हे मूल्य वाटते, त्याच माणसांकडून हे होते. म्हणजे ही रीत बाहेरच्या कुठल्या मापाने नव्हे, गावाच्या स्वतःच्या मापानेच चूक ठरते. नीतीच्या वादात हा युक्तिवाद सर्वांत कामाचा, आणि गावात तो कळतोही लवकर.

कायद्याचे दोन शब्द. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी करणारा कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. धर्माच्या कारणाने बहिष्कृत करणे ही त्या पंथाची अंतर्गत बाब, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळे मत दिले. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते, त्याची प्रतिष्ठा जपणारा कायदा योग्यच, असा त्यांचा रोख होता. पंथाचे स्वातंत्र्य मोठे की पंथातल्या माणसाचे, हा सापेक्षतावादाचा, म्हणजे ‘ज्याची त्याची रीत’ या विचाराचा, प्रश्न तिथे कोर्टात उभा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. आम्हाला सिन्हा यांचे मत पटते.

दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. पीडित किंवा त्याच्या घरचे पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. तरी प्रकरणे फसतात, आणि बहुतेक वेळा पहिल्या कागदावरच फसतात. अर्जात ‘आम्हाला वाळीत टाकले आहे’ एवढेच असते. मग ते भावकीतले भांडण समजून अदखलपात्र नोंद होते, त्यात जमिनीचा जुना वाद मिसळला तर आणखीच. अर्जात तारखेसह लिहावे: बैठक कुठे झाली, कोण हजर होते, हुकूम कुणी सांगितला, दंड किती ठरला, कोणत्या दुकानाने कोणता माल नाकारला, कोणत्या कार्याला कोण आले नाही. दंडाची पावती, बैठकीची वही, मोबाइलवरचे निरोप जपून ठेवावेत. हा कायदा एकाच समाजातल्या बहिष्कारासाठी रचलेला आहे, हेही ध्यानात असावे. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि टाकणारे त्याबाहेरचे असतील तर अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक बहिष्कार स्वतंत्र गुन्हा आहे. आणि तडजोड करताना पीडिताकडूनच माफीनामा आणि देवस्थानाला दंड घेतला जातो, ती तडजोड नव्हे. तो बहिष्कार पुरा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

‘हक्कबिक्क हे पाश्चात्त्यांचे खूळ’ असेही लिहिले जाते. १९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच तशी शंका मांडली होती: पश्चिमेची मूल्ये जगाच्या नावाने लादू नका. वसाहतींच्या काळात ती शंका रास्त होती. पण १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघणारे शब्द बदलून ‘सर्व माणसे’ असे करायला लावले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. आणि मानववंशशास्त्रज्ञांच्या त्याच संघटनेने १९९९ मध्ये हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला. पाण्याचा हक्क महाडच्या माणसांनी मागितला, तेव्हा असा कुठलाही जाहीरनामा अस्तित्वात नव्हता.

न्याय करणाऱ्यानेही आपले माप तपासावे, हे आम्हाला तितक्याच तळमळीने सांगायचे आहे. मुंबईत मासे खाणाऱ्याला घर न देणाऱ्या इमारती आहेत. तिथे कोकणी माणूस चिडतो, आणि बरोबर चिडतो. ‘आमच्या सोसायटीची रीत’ हे उत्तर त्याला चालत नाही. तो म्हणतो, माझ्या ताटातल्या बांगड्याने तुमचे काय बिघडते? हाच प्रश्न त्याने गावी गणपतीला आल्यावर बैठकीत विचारावा: त्या घरच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, त्याने आपले काय बिघडले?

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. अशा बातमीचा मथळा ‘दोन गटांत वाद’ किंवा ‘गावकीचा तंटा’ असा नसावा. कोणत्या वाडीत काय बंद झाले ते छापावे: पाणी, गिरणी, दुकान, पालखी, की खांदा. कधीपासून बंद आहे ते छापावे. त्या घरच्या बाईचे म्हणणे, तिचे नाव न देता, तिच्या शब्दांत छापावे. आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन, त्या घरापुढे पालखी थांबली का, तेवढी एक ओळ छापावी.

आपले,
नीतिशास्त्र शिकवणारे आणि बहिष्काराच्या प्रकरणांत अर्ज लिहून देणारे दोन वाचक,
जि. रत्नागिरी